आप्पा खांबेट्यांचे दोन साक्षीदार

आप्पा खांबेट्यांना कुणी नवलाची गोष्ट सांगायला लागलं, की ते आधी दौत पुढं ओढायचे. मग जाड पुठ्ठ्याची वही उघडायची, कपाळावरचा चष्मा नाकावर आणायचा आणि विचारायचं, "तुम्ही होतात तिथं?" बहुतेकांची गोष्ट इथंच आटपायची. तरीही जो चिकाटीनं बसून राही, त्याला पुढचा प्रश्न तयार असे, "दुसरा साक्षीदार कोण?"

आप्पा रत्नागिरीच्या दस्तनोंदणी कचेरीत कारकून होते. दोन साक्षीदारांशिवाय कागद पुढं सरकत नाही, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की घरीही तोच कारभार. "आणि ज्याची गोष्ट त्याची साक्ष चालत नाही, मास्तर," ते मला बजावत. "दस्त करणाराच साक्षीदार झाला, तर कचेरीला कुलूप लावावं लागेल."

मास्तर म्हणजे मी. मुंबईला बोटीनं जायचे ते दिवस. मराठी शाळेत नेमणूक झाली म्हणून मी रत्नागिरीत आलो आणि आप्पांच्या पडवीलगतची खोली घेतली. पहिल्याच दिवशी सांगितलं, मी साताऱ्याकडचा. आप्पा म्हणाले, "कशावरून?" मी नेमणुकीचा कागद दाखवला. तो त्यांनी उजेडात धरून पाहिला, उलटून पाहिला आणि मग माईंना, म्हणजे त्यांच्या विधवा बहिणीला, चहा टाकायला सांगितलं. अशा माणसाच्या घरात राहिलं की संशय साथीसारखा लागतो. वर्षभरात मीही दूधवाल्याला "कशावरून?" विचारू लागलो.

त्या वहीत आप्पा नवलाच्या गोष्टी जमवत. नुसत्या ऐकलेल्या नव्हे, तपासलेल्या. प्रत्येक गोष्टीखाली दोन सह्या किंवा अंगठे, आणि वर लाल शाईत शेरा, 'खरी' किंवा 'ऐकीव'. किल्ल्यावरून समुद्राखाली जाणाऱ्या भुयाराची गोष्ट सांगायला एक गृहस्थ आले होते. आत कोण उतरलं होतं, असं आप्पांनी विचारल्यावर ते म्हणाले, एक कोंबडी सोडली होती, ती पलीकडच्या गावात निघाली. आप्पा शांतपणे म्हणाले, "कोंबडीचा अंगठा आणा."

पण दाऊद नाखव्यांनी एका देवळातली घंटा फिरंग्यांच्या चर्चमधली आहे असं सांगितलं, तेव्हा हेच आप्पा दोन दिवसांची रजा काढून गेले. शिडीवर चढून घंटेला कागद लावला, त्यावर कोळसा घासला, क्रूस आणि परकी अक्षरं उमटवून आणली. नाखव्यांची सही, देवळाच्या पुजाऱ्याची सही. 'खरी.' त्या दिवशी आप्पा जेवताना स्वतःशीच हसत होते. खोट्या गोष्टींचा त्यांना राग नव्हता, हे मला तेव्हा कळलं. खऱ्या गोष्टीची त्यांना भूक होती.

मग भागीरथीचं प्रकरण आलं.

भागीरथी खाडीपलीकडच्या एका वाडीतली विधवा. पदरी दोन मुली, एक घर, परसू आणि परसात विहीर. विहिरीपाशी धुण्याचा एक लांबट दगड होता, तिच्या सासूच्या सासूनं टाकलेला. पावसात तो कलला म्हणून भागीरथीनं सरळ करायला उचकटला, तर खालच्या अंगाला कोरीव काम. वर चंद्रसूर्य, खाली एक बाई आणि एक गाढव. नेमकी तेव्हाच वाडीत देवीची साथ होती. शीतळामाईचं वाहन गाढव, हे तिथल्या पोरालाही ठाऊक. झालं! देवी इतकी वर्षं पालथी पडली होती आणि ही बाई तिच्या पाठीवर धुणं आपटत होती, म्हणून साथ आली. गुरवानं ग्रामदेवतेला कौल लावला. मूर्तीला चिकटवलेला कळा, म्हणजे फूल, उजवीकडं पडला, म्हणजे होकार. भागीरथीनं जागा देवीला द्यावी आणि वाडी सोडावी, असं ठरलं.

तो दस्त घेऊन बाबाजी गावकर कचेरीत आले. गावकर म्हणजे वाडीचे मानकरी, देवीच्या जागेची वहिवाट त्यांच्याकडं आणि त्यांची कलमांची बाग भागीरथीच्या परसाला लागून. मागं भागीरथी उभी.

"राजीखुशीनं देतेस ना गं?" आप्पांनी विचारलं.

तिनं गावकरांकडं पाहिलं. "देवीनं कौल दिलान, आप्पानू. मी कोन नाय म्हननारी?"

"फुलाची साक्ष धरू," आप्पा गावकरांना म्हणाले, "पण फूल एकच होतं. आणि देवीला नेमकी विहिरीचीच जागा बरी आवडली?"

गावकरांचा चेहरा उतरला. "माजा नातू गेला या साथीत," एवढंच ते बोलले.

हा माणूस सरळ लबाड असता तर सोपं झालं असतं. त्याचा नातू खरोखरच गेला होता, आणि विहीरही त्याला खरोखरच हवी होती. भागीरथीनं अंगठा टेकवला तो थरथरत, ठसा फिसकटला. आप्पांनी कागद परत केला. "अंगठा उमटला नाही, चतुःसीमाही नीट नाहीत. पुढच्या सोमवारी या."

मधल्या रविवारी आम्ही दोघं तरीनं खाडी ओलांडून वाडीत गेलो. दगड विहिरीपाशी उभा केलेला, शेंदरानं लिंपलेला. आप्पांनी नारळ ठेवला, नमस्कार केला आणि गुरवाला म्हणाले, "माईला आधी ऊन पाण्यानं न्हाऊ घाला. इतकी वर्षं मातीत होती." गुरवाला ते पटलं. पाण्याबरोबर शेंदूर वाहून गेला, खालचं चित्र स्पष्ट झालं आणि आप्पांनी बायकांना घरात पाठवलं.

चित्र ओंगळ होतं. वाहनावर बसलेली देवी ती नव्हेच. आप्पांनी हळू आवाजात पुरुषांना समजावलं, की ही दगडावर कोरलेली शिवी आहे. जुने राजे कुणाला जमीन दिली की असा दगड रोवत. जो ती हिरावून घेईल त्याच्या घरच्या बाईला ही शिवी. इथपर्यंत सगळं खरं होतं, असा दुसरा दगड आप्पांनी पूर्वी पाहून वहीत नोंदला होता.

"मग ही भूमी कुनाची, ता लिवलाय काय?" गावकरांनी विचारलं.

आप्पा गुडघ्यावर बसले. चंद्रसूर्याखाली बोट ठेवून वाचू लागले. "'ही भूमी, झाडझाडोरा, पाणीपाषाण, चतुःसीमेसुद्धा, जी बाई इथं नांदेल तिनं लेकीसुनांसह वंशपरंपरेनं भोगावी. जो हरकत करील त्याच्या घरी ही दशा.'"

मी त्यांच्या मागंच उभा होतो. बोट फिरत होतं तिथं झिजलेल्या दगडावर चारदोन उभ्या रेघांपलीकडं काही नव्हतं. आणि 'चतुःसीमेसुद्धा' हा शब्द कुठल्या राजाचा नव्हता, आप्पांच्या कचेरीचा होता. हा माणूस खोटं बोलतोय? आप्पा?

गावकर माझ्याकडं वळले. त्यांनाही वास आला असावा. "मास्तर, तुमी शिकलेलं मानूस. हाय काय तसा लिवलेला?"

"माझा चष्मा घरी राहिला," मी म्हणालो. तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो आणि चष्मा वापरतच नव्हतो.

गावकरांनी पुन्हा त्या चित्राकडं पाहिलं. त्यांच्या घरी दोन सुना होत्या. शेवटी उठले, धोतर झटकलं आणि गुरवाला म्हणाले, "होता तसा पालथा घाल." सोमवारी दस्त करायला कुणी आलं नाही.

परतताना तरीत मी विचारलं, "आप्पा, अक्षरं होती?"

"तुमचा चष्मा कुठं होता?" आप्पा म्हणाले.

मला त्यांचा राग आला होता आणि स्वतःची लाज वाटत होती. दोन्ही मनात ठेवून मी पुढं त्यांच्या घरी सात वर्षं काढली. त्यांची नवलाची हौस मात्र त्या रविवारनंतर ओसरली. कुणी गोष्ट घेऊन आलं तर ऐकून घेत, "असेल बुवा" म्हणत. दौत पुढं ओढत नसत. "असेल बुवा" हे शब्द त्यांच्या तोंडून ऐकणं मला फार जड जाई. निवृत्तीनंतर दोनच पावसाळे त्यांनी काढले. शेवटच्या तापात डॉक्टर म्हणाले, उतार पडेल. आप्पांनी डोळे न उघडता विचारलं, "कशावरून?" त्यांचंच बरोबर निघालं.

तेराव्यानंतर माईंनी वही माझ्यापुढं ठेवली. "तुमच्यावाचून ही कोण वाचणार?" मी शेवटचं पान उघडलं. आप्पांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'दगड पाहिला. चित्र शिवीचे, खरे. अक्षरे झिजलेली, एकही वाचता आले नाही. वाचले असे चारचौघांत सांगितले. बाईचे घर राहिले.' खाली साक्षीदारांच्या दोन जागा, दोन्ही कोऱ्या. ज्याची गोष्ट त्याची साक्ष चालत नाही. वर शेऱ्याची जागाही कोरी. सात वर्षं ते दोन साक्षीदारांची वाट बघत होते की काय, असं वाटून मला रडू आलं.

त्याच दुपारी भागीरथी आली, विहिरीकाठच्या केळीचा घड घेऊन. मी तिला ते पान वाचून दाखवलं. न दाखवणं जमलं नाही.

ती म्हणाली, "खरा हाय. दगड उलटला तवा म्या हात फिरवून बगितला होता. अक्षर कुटं होता? गुळगुळीत."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तुमी तरी कुटं बोल्लात, गुर्जी?"

तिनं पदराला हात पुसला. "अंगठा कुटं लावू?"

मी आप्पांची दौत पुढं ओढली. अंगठा स्वच्छ उमटला, एकेक रेघ मोजावी असा. शेजारी मी सही केली. मग लाल शाई शोधली आणि पानाच्या वर लिहिलं, 'खरी.'