दारोदार वाटलेलं पान

ते पान मीच छापलं होतं. हे मी आजवर तीन माणसांना सांगितलं आहे: नवऱ्याला, जिच्यावर त्याचा ठपका आला तिला, आणि तिच्या इमारतीत राहणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंना. पोलिसांना सांगितलं नाही. जेव्हा सांगायचं होतं तेव्हा मी गप्प बसले, आणि तयारी झाली तेव्हा उशीर झाला होता.

आम्ही जपानमध्ये, इचिकावाच्या पुढे काही स्टेशनं सोडून राहतो. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, मी विद्यापीठातल्या एका प्रयोगशाळेत पोस्टडॉक. आमच्या मागच्या रस्त्याला सरकारी घरांच्या जुन्या इमारती आहेत आणि तिथं बरीच व्हिएतनामी कुटुंबं राहतात. त्यांतल्याच एका बाईंशी माझी ओळख झाली ती आमच्या भागातल्या समाजमंदिरात, शनिवारच्या जपानी भाषेच्या वर्गात. त्या तिथं फुकट शिकवायच्या. वयानं माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठ्या. लहानपणी आईवडिलांबरोबर व्हिएतनाम सोडून बोटीतून निघालेल्या, इथंच शाळा केलेल्या, पुढं जपानी नागरिक झालेल्या. आता दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला असतात. सगळे व्हिएतनामी त्यांना 'ची' म्हणायचे. ची म्हणजे ताई. मीही म्हणू लागले, आणि त्या मला 'एम' म्हणू लागल्या, म्हणजे धाकटी बहीण. आमचं सगळं बोलणं जपानीतून. त्यांचं सफाईदार, माझं अडखळत.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक, शाळा नगरपालिकेची. माझा कुठलाही फॉर्म आमच्या घरात कुणाला भरता यायचा नाही. दर वेळी कुणीतरी शिक्षक, कुणीतरी कारकून, कुणाची तरी मोठी मुलगी शेजारी बसून रकाना दाखवायची. त्यामुळे कुणी माझ्या शेजारी बसून कागद भरून दिला की मला त्या माणसाबद्दल फार वाटतं. जपानमध्ये ते माणूस म्हणजे ची. मुलीच्या शाळेचे कागद त्यांनी बघितले. आम्ही कायम वास्तव्यासाठी, म्हणजे पीआरसाठी अर्ज केला तेव्हा तीन रविवार त्या आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसल्या. प्रत्येक ओळ वाचून, पेन्सिलीनं बारीक खूण करून द्यायच्या.

म्हणून नगरसेवकांच्या निवडणुकीच्या आधी त्यांनी "एम, मला एक वेबपेज करून देशील का?" असं विचारलं तेव्हा मला आनंदच झाला. शेवटी त्यांनी माझ्याकडं काहीतरी मागितलं होतं.

त्यांचं काम असं होतं. त्यांनी आणि दोन मैत्रिणींनी सगळ्या उमेदवारांना प्रश्न पाठवले होते. नगरपालिकेच्या खिडकीवर दुभाषी ठेवणार का, परदेशी मुलांना शाळेत जपानी शिकवायला वेगळे शिक्षक देणार का, परदेशी दिसतो म्हणून घरमालक घर नाकारतो त्यावर काही करणार का. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. ज्यांनी दिलं त्यांतल्या तिघांना त्यांनी निवडलं. या तिघांची ओळख, ज्यांना नागरिक म्हणून मत आहे अशा शेजाऱ्यांसाठी, व्हिएतनामी भाषेत लिहायची आणि खाली सांगायचं, आमचा पाठिंबा यांना. मत एकच आहे, तिघांतला एक निवडा.

नवरा म्हणाला, "वा. तुला मत नाही, मला मत नाही, आणि प्रचार आपल्या घरातून."

"मी फक्त फॉरमॅटिंग करतेय," मी म्हटलं.

"हां, पीआरच्या फाइलमध्ये तसंच लिही. ऑक्युपेशन, फॉरमॅटिंग."

मी व्हिएतनामी अक्षरं नुसती उचलून चिकटवत होते. एकेका स्वराच्या डोक्यावर दोन दोन खुणा. एक निसटली की ची फोनवरून हसायच्या. पण एक गोष्ट मी माझ्या मनानं घातली. इथं मतपत्रिकेवर चिन्ह नसतं, यंत्रावर बटण नसतं. कोऱ्या कागदावर पेन्सिलीनं उमेदवाराचं नाव स्वतःच्या हातानं लिहावं लागतं. म्हणून मी प्रत्येक नाव सोप्या हिरागाना लिपीत मोठं मोठं टाकलं आणि कुठली रेघ आधी ओढायची ते बाणांनी दाखवलं. ची ते बघत एका बाणावरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना दाखवायला पाहिजे."

त्या आजी ऐंशीच्या घरातल्या. जपानी नागरिकत्व त्यांनी अगदी म्हातारपणी, चीच्या मागे लागण्यानं घेतलं होतं. आयुष्यात त्यांनी मनासारखं मत कधी दिलं नव्हतं. हे त्यांचं पहिलं. एका रविवारी मी चीबरोबर त्यांच्याकडं गेले. त्यांनी फोन डोळ्यांपासून लांब धरला, जवळ आणला, अंगठा लागून पान भलतीकडंच गेलं.

"या काचेवर कसं गिरवू?" त्या म्हणाल्या. चीनं मला जपानीत सांगितलं.

"मी प्रिंट काढून देते ना," मी म्हणाले.

"कागद नको, एम. प्रचार सुरू झाला की फक्त फोनवर."

"त्यात काय त्रास आहे?"

"नको," ची म्हणाल्या आणि आजींचा फोन हातात घेऊन अक्षरं मोठी कशी करायची ते दाखवू लागल्या.

त्या 'नको'पाशी मी चुकले. आमच्याकडं कुणी नको म्हटलं की ते भिडेनं म्हटलेलं असतं. चहा नको, रिक्षा नको, कशाला त्रास घेता. आणि समोरच्यानं तो त्रास घ्यायचा असतो. मला वाटलं, या बाईनं माझ्यासाठी तीन रविवार घातले आणि आता माझी चार पानंसुद्धा घ्यायला संकोचतेय.

दुसरंही होतं. आमच्या गावात निवडणूक म्हणजे दारावर येणारी चिठ्ठी. कार्यकर्ते घरोघरी जाऊन मतदाराचं नाव, नंबर, खोली लिहिलेली चिठ्ठी देत. एका वर्षी आमच्याकडं चिठ्ठी आली नाही तर वडील दोन दिवस घुम्यासारखे बसून होते. "आपल्याला माणसांत धरत नाहीत," म्हणाले. माझ्या डोक्यात ते इतकं पक्कं होतं, की दारावर कागद नेऊन देणं हा सन्मान सोडून आणखी काही असू शकेल असं मला सुचलंच नाही. कायदा काय म्हणतो, एवढं नेटवर बघायलाही मला सुचलं नाही. एरवी मी एक रसायन वापरण्याआधी दहा पानं वाचते.

प्रचाराचा आठवडा सुरू झाला. मंगळवारी मुलीला शाळेत सोडून मी कोपऱ्यावरच्या कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, गेले आणि तिथल्या मशीनवर चाळीस प्रती काढल्या. मग त्या जुन्या इमारतींत शिरले. आजींना त्यांची प्रत हातात दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि कपाळाला लावल्यासारखं करत वाकून नमस्कार केला. बाकीच्या मी पाट्यांवरची व्हिएतनामी आडनावं बघत पत्रपेट्यांत टाकल्या, काही ठिकाणी बेल वाजवून दिल्या. जिना चढता-उतरता मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटत होतं.

गुरुवारी दुपारी चीचा फोन आला. मी प्रयोगशाळेत होते.

"एम, तू पान छापून वाटलंस का?"

"हो," मी म्हणाले. अजून माझ्या आवाजात उत्साह होता.

मग त्यांनी शिकवताना बोलायच्या तसं हळूहळू सांगितलं. प्रचाराच्या काळात वेबपेज चालतं; तेच पान छापून वाटणं गुन्हा आहे. दारोदार जाऊन मत मागणंही गुन्हा आहे. एका पेटीतलं पान कुणीतरी निवडणूक कार्यालयात नेऊन दिलं होतं. पानाच्या तळाशी चीचं नाव आणि ईमेल होता, कारण वेबपेजवर तो द्यावाच लागतो. तो मीच आठवणीनं, ठळक अक्षरांत टाकला होता. सकाळी दवाखान्यात, पेशंटच्या समोर, त्यांना पोलिसांचा फोन आला होता. संध्याकाळी जायचं होतं.

"मला वाटलं तुम्ही भिडेनं नको म्हणताय," मी म्हणाले.

"मी कशाला भिडेनं म्हणेन?" त्यांना खरंच कळत नव्हतं.

मग त्या म्हणाल्या, "ऐक. तू काही बोलू नकोस. तुझे पीआरचे कागद आत आहेत. मी छापलं म्हणून सांगते."

त्या क्षणी मी काय म्हणायला हवं होतं हे मला तेव्हाही माहीत होतं. मी येते, मी सांगते. दोन वाक्यं, जपानीतही जमली असती. माझ्या तोंडून आलं, "सॉरी." आणि ते म्हणताना माझे खांदे सैल झाले. इतकी वर्षं, इतके व्हिसे, इतकी रांग, ते सगळं वाचलं म्हणून सैल झाले. ते सैल होणं मला अजून आठवतं.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो चेष्टा न करता म्हणाला, "तिनं स्वतः ऑफर केलं ना? मग तू आता मध्ये पडू नको. प्लीज." मी पडले नाही. त्याच्यावर ढकलण्यात अर्थ नाही. मला जे ऐकायचं होतं तेच त्यानं म्हटलं.

पोलिसांनी चीला ताकीद दिली, एका कागदावर सही घेतली आणि सोडलं. पुन्हा झालं तर मतदानाचा हक्कसुद्धा जाऊ शकतो, असं सांगितलं. चीनं रात्रीत वेबपेज काढून टाकलं. इमारतीत मात्र बातमी वेगळ्या रूपात पसरली: त्या कागदावरून पोलीस आले. पोलीस इमारतीत आलेच नव्हते, पण ऐकणाऱ्यांना तेवढं पुरलं. रविवारी ची मतदानाला आजींना घ्यायला गेल्या तर आजींनी दार उघडलं नाही. आतून म्हणाल्या, "माझी तब्येत बरी नाही. तूही माझ्याकडं जास्त येत जाऊ नकोस." ज्या बाईला चीनं बोट धरून दवाखान्यात नेलं, नागरिक केलं, तिनं. तिघांपैकी एक उमेदवार निवडून आला. चीनं मला ते मेसेजमध्ये कळवलं, खाली एक हसरा चेहरा टाकून. आजींचं त्यांनी लिहिलं नाही. ते मला समाजमंदिरात दुसऱ्या कुणाकडून कळलं.

पानगळीच्या सुमारास आमचा पीआर आला. मी बेसनाचे लाडू केले, डबा घेऊन चीकडं गेले आणि डबा देताच म्हणाले, "आता मी पोलिसांकडं जाते. आता मला काही होणार नाही."

त्यांनी लाडू फोडून अर्धा खाल्ला. "आणि माझं काय होईल?" त्यांनी विचारलं. "मी सही करून दिलंय की मी छापलं. आता तू गेलीस तर मी पोलिसांना खोटं सांगितलं असं होईल."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. दुसऱ्यांदा मी त्यांच्या भल्याचं म्हणून भलतंच करायला निघाले होते.

"तुला हलकं वाटावं म्हणून जायचंय ना?" त्या म्हणाल्या. रागानं नाही. "मग दुसरीकडं जा. आजींकडं जा. त्या अजून माझ्याशी बोलत नाहीत."

मी गेले. आजींना जपानी बेताचं येतं, मला व्हिएतनामी काहीच नाही. मी जाण्याआधी चार सोपी जपानी वाक्यं पाठ केली होती. पान मी छापलं. ची नको म्हणाल्या होत्या. त्यांनी माझ्यासाठी ठपका घेतला. त्यांच्यावर रागावू नका. आजी ऐकत होत्या, मान हलवत होत्या. मला वाटलं कळलं नाही, म्हणून मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, तर त्यांनी हात वर करून थांबवलं.

"कळलं. तुझा व्हिसा झाला?"

"झाला."

"छान झालं." मग त्यांनी माझ्यासारखंच एकेक वाक्य जोडत सांगितलं. "चीवर राग नाही. भीती आहे. तिकडं एका कागदावर नाव सापडलं म्हणून माझा नवरा तीन वर्षं आत होता. इथं तू आणलास तो कागद मी घेतला. मग पोलीस. कुणी छापला, मला फरक नाही."

"इथं तसं नसतं, आजी. नुसती ताकीद होती."

"हो," त्या म्हणाल्या. "तिथंही आधी नुसती ताकीद होती."

त्यांनी चहा ठेवला. मी चीला इथं बोलावू का म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, बोलाव. ची चप्पल घालून जिना उतरून आल्या, आणि त्या दोघी त्यांच्या भाषेत बोलू लागल्या, आधी तुटक, मग एकमेकींचं वाक्य तोडत. एवढं तरी झालं.

मतदानाच्या आधी इथं टपालानं प्रत्येकाच्या नावाचं एक कार्ड येतं, ते घेऊन केंद्रावर जायचं. त्यानंतर दोन निवडणुका झाल्या. दोन्ही वेळा चीनं आजींना विचारलं, दोन्ही वेळा त्या पुढच्या वेळी बघू म्हणाल्या. कार्डं त्यांनी टाकून दिलेली नाहीत. आपल्या गेलेल्या नवऱ्याच्या फोटोसमोर संत्री ठेवतात त्या बशीखाली ती एकावर एक ठेवली आहेत. मी गेले की मला ती दिसतात. आजी मला संत्रं सोलून देतात, आणि मी ते खाते.