सलूनमधली लढाई

माझे चुलते पायदळात हवालदार होते. निवृत्तीनंतर ते मुरगूडला शेती बघायचे. एका स्फोटात त्यांचा डावा कान गेला होता. सीमेवर धुमश्चक्री सुरू झाली, त्याच आठवड्यात कानाचं यंत्र बसवायला ते कोल्हापुरात आमच्याकडे आले. यंत्र बसवून झाल्यावर मी त्यांना दाढीसाठी मंगळवार पेठेतल्या सलूनमध्ये नेलं.

दाढी-कटिंगसाठी तिथं कुणीच आलं नव्हतं. सगळे टीव्हीसमोर होते. नळाच्या पाण्यावरनं वर्षभर अबोला धरलेले दोघं एका बाकावर बसून एकाच कागदातली भजी खात होते. पडद्यावर स्फोट झाला की बाकावर टाळ्या पडायच्या. "घुसा की आत!" कुणीतरी ओरडायचं. इतकी खूश गल्ली मी गणपतीतही पाहिली नव्हती. मलाही ते आवडत होतं. छाती फुगवून मी सांगितलं, "आमचे काका फौजेत होते."

मोबाईलच्या दुकानात काम करणारा, दंड कमावलेला एक तरणा गडी लगेच फोन उगारून जवळ आला. "काका, किती उडवले?"

काकांच्या तोंडाला साबण होता. "समोर दिसलेला एक."

"कसा?"

"बंदूक अडकली माझी. मग संगीन घातली पोटात. ती निघंना. छातीवर पाय देऊन वढली. त्यो जिवंत हुता की. बाहेर आलेलं आतडं दोन्ही हातानं आत भरत हुता, सांडलेलं पीठ भरावं तसं. लई येळ भरत हुता."

मग त्या गड्यानं शिट्टी मारली. "खतरनाक! काका, पहिल्यापासनं सांगा. सुरुवात रेकॉर्ड झाली न्हाई."

सगळे हसले. काका उठले आणि त्यांनी टीव्हीची पिन उपसली.

"ओ, बंद का केला? भ्या वाटलं व्हय?" गड्यानं त्यांच्या खांद्याला धक्का दिला. "फौजेत भांडी घासत असणार ह्यो!"

धक्क्यानं कानातलं यंत्र खाली पडलं आणि त्याच्याच बुटाखाली चुरडलं.

काकांनी त्याचा गळा धरला आणि तोंड आरशाखालच्या फळीवर आपटलं. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. पुन्हा आपटलं. दात फरशीवर पडला, आरशावर रक्ताची चिळकांडी उडाली. मी काकांच्या दंडाला लोंबकळलो, पण माझं वजन त्यांना जाणवलंही नसावं. बाकावरच्यांपैकी कुणीच सोडवायला आलं नाही. सगळ्यांचे फोन वर होते. "हाणा काका, अजून हाणा!" म्हणून ओरडत होते, मघाशी टीव्हीला ओरडत होते तसेच. आणि काकांच्या चेहऱ्यावर राग नव्हताच. ताप उतरल्यावर माणूस दिसतो, तसे ते शांत दिसत होते.

शेवटी न्हाव्यानं गरम पाण्याचं भांडं त्यांच्या हातावर उपडं केलं, तेव्हा पकड सुटली.

गड्याला दवाखान्यात पोचवून आम्ही घरी आलो. काका हाताला मलम लावू देईनात.

"बरं वाटलं मला," ते म्हणाले. "लई वर्सांनी बरं वाटलं. दारू सोडलेल्यानं घोट घ्यावा तसं. फौजेतनं सुटल्यावर मी घरात सुरी धरत न्हाय ते उगंच न्हाय. तुला वाटतंय त्या लोकास्नी युद्ध कळत न्हाय. कळतंय की. त्येंनाबी बरंच वाटतंय."

पोलिसात तक्रार झाली नाही. व्हिडिओ गावभर फिरला होता, आणि फौजी माणसाचा मार खाल्ला म्हणून त्या गड्याचाच भाव वाढला. दोन दिवसांनी नाकाला टाके आणि सुजलेलं तोंड घेऊन तो आमच्या दारात आला. काकांच्या पाया पडून त्यानं फोटो मागितला.

काकांनी त्याला आत घेतलं, आपल्या शेजारी पाटावर बसवलं. त्याला चावता येत नव्हतं, म्हणून आईनं भात मऊ कालवून दिला. खाता खाता तो म्हणाला, "काका, फौजेच्या भरतीला नाकाचं काय बघत्यात का हो?"

काकांचा घास हातातच राहिला. त्यांनी त्याच्या पानात आणखी आमटी वाढली. "जेव आधी," एवढंच म्हणाले.