खडकापर्यंतचं सरळ पाणी

सोलापुरातून निघालो तेव्हा सकाळीच गाडीच्या टपावर हात ठेववत नव्हता. गुढीपाडव्याला जोडून शाळेला सुट्टी होती. मी मुलींच्या शाळेत गणित शिकवते आणि सुट्टीत सहसा घरातच पंख्याखाली असते. या वेळी मात्र डिकीत शेंगाचटणीचा डबा, कडक भाकऱ्यांची चवड आणि पोहण्यासाठी घेतलेला पूर्ण बाह्यांचा टीशर्ट होता. गाडी चालवत होते आमचे हे. ते चिंचोळी एमआयडीसीत सुपरवायझर आहेत आणि पाण्याशी त्यांचा संबंध आंघोळीपुरता.

मी समुद्रात पोहायला निघाले होते. हौस म्हणून नव्हे. दिवाळीत मी एक शब्द देऊन बसले होते.

आमची लेक दीपा मालवणच्या उत्तरेला एका लहानशा गावात दिली आहे. तिच्या सासऱ्यांची बोट आहे, पर्यटकांना समुद्रातले खडक आणि डॉल्फिन दाखवून आणतात. दीपाला बोटीवर काम करायचं होतं आणि सासरे तिला किनाऱ्यावर फोन घ्यायला बसवत होते. मी पोहायला शिकलेय, असं तिनं सांगून पाहिलं. "विहिरीतला पवणा (पोहणं) ता पवणा नाय," असं म्हणून त्यांनी विषय मिटवला. दिवाळसणाला ते सोलापूरला आले तेव्हा जेवताना मी तो परत काढला. व्याहीबुवा म्हणाले,

"विहीणबाई, तुमच्याकडे नळाक पाणी चार दिवसांनी येता. तुम्ही पवतास खंय (कुठे)? घागरीत?"

सगळे हसले. मीही हसले, पण आतून पेटले. सांगोल्याकडच्या माझ्या माहेरच्या विहिरीत मी आणि दीपा दोघी शिकलोय, पाठीला रिकामा पत्र्याचा डबा बांधून. म्हटलं, "उन्हाळा लागला की येते. तुमच्या गावासमोरच्या त्या काळ्या खडकापर्यंत पोहून दाखवते. मग दीपा बोटीवर."

व्याहीबुवा हसायचे थांबले. "खडकाक हात लावलो तर दीपा बोटीवर. पण दरवर्षी घाटावरचो कोणीतरी बुडता, विहीणबाई. मी स्वतः काढलंय माणसांक." हे त्यांनी चेष्टेत सांगितलं नव्हतं, हे मला तेव्हाच कळलं होतं. पण तोंडातून गेलेला शब्द परत कुठं घेणार?

मिरजेपर्यंत ऊन नुसतं भाजत होतं. कोल्हापूरच्या पुढे ऊस लागला तसं यांनी काच खाली केली. गगनबावड्याला चहाला थांबलो. टपरीवाल्या मावशींनी कुठून आलात म्हणून विचारलं. सोलापूर म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग घाट उतरलात की घामानं भिजाल बघा. तिकडं रुमाल पुरत न्हाई."

आमचे हे म्हणाले, "आम्हाला उन्हाचं काय सांगता? आमी उन्हातच वाढलो की."

घाट उतरला आणि अर्ध्या तासात यांचा शर्ट पाठीला चिकटला. सोलापूरचं ऊन समोरून तोंडावर मारतं, सावलीत गेलं की सोडतं. कोकणातलं ऊन सावलीतही पाठ सोडत नाही. चैत्रातच ही गत, तर वैशाखात इथले लोक काय करत असतील, असं मला वाटलं. आंब्याला मात्र ते मानवत असावं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पेट्या भरणं चाललं होतं.

शेवटचं वळण घेतलं आणि समुद्र दिसला. मी याआधी समुद्र पाहिला होता, पण पाहायचा म्हणून. या वेळी मी फक्त तो खडक शोधत होते. काळा, बसका, वर पांढरे पक्षी बसलेले. दीपानं पाठवलेल्या फोटोत होता त्याहून बराच लांब वाटला. "सुमन, हे जरा जास्तच झालं की," आमचे हे म्हणाले. मी म्हटलं, गाडी चालवा.

दीपाच्या सासूबाईंनी, माझ्या विहीणबाईंनी, घरात शिरताच सोलकढीचा पेला हातात दिला. जेवायला बांगडे होते. आमच्या यांना काटे काढता येईनात, तेव्हा जावईबापूंनी त्यांच्या ताटातला बांगडा साफ करून दिला. बदल्यात व्याहीबुवांनी शेंगाचटणी चाखली आणि पुढचा घास घ्यायच्या आधी पाणी प्यायले. एकंदरीत बरोबरी झाली.

दीपा सावळी झाली होती, अंगानं चटपटीत. भांडी आवरताना म्हणाली, "आई, तू कशाला बोललीस? मी बोलून बघत होते की."

"तुझं बोलणं त्यांनी ऐकलं का?"

"न्हाई ऐकलं. पण पोहायचं मला होतं."

मला हे तेव्हा फारसं लागलं नाही. माझ्या डोक्यात फक्त खडक होता.

दुसऱ्या दिवशी व्याहीबुवांनी उजाडताच हाक मारली. "सकाळी जमनीवरून वारो येता, पाणी गप असता. आताच जावया."

मी नाही म्हटलं. माझं गणित सरळ होतं: आमच्या विहिरीच्या पाण्यात चैत्रात सकाळी उतरलं की हाडं गारठतात, ऊन माथ्यावर आलं की मग बरं वाटतं. समुद्रही पाणीच. म्हटलं, ऊन वर येऊ द्या, पाणी तापू द्या, मग उतरते. व्याहीबुवांनी दीपाकडे पाहिलं, दीपानं आकाशाकडे.

ऊन बऱ्यापैकी चढल्यावर मी उतरले आणि पहिला धक्का बसला. पाणी आधीच कोमट होतं. आंघोळीला काढून थोडा वेळ विसरलेल्या पाण्यासारखं. सकाळीही असंच होतं, असं दीपा म्हणाली. म्हणजे ज्यासाठी थांबले तो प्रश्नच नव्हता, आणि थांबल्यामुळे दुसराच उभा राहिला होता. समुद्रावरून वारा सुटला होता. आमच्याकडे तो अंगावर घ्यायला लोक गच्चीवर जातात, इथे त्यानं पाण्याला बारीक बारीक लाटा आणल्या होत्या आणि त्या थेट तोंडावर येत होत्या.

तरी मी निघाले. हात उचलायचा, मान बुडवायची, श्वास घ्यायचा. विहिरीत जे वर्षानुवर्षं केलं तेच. दम टिकत होता. आता निम्मं तरी झालं असेल म्हणून मी मान वर काढली.

समोर खडक नव्हता. समोर विहीणबाई उभ्या होत्या, हातात माझा टॉवेल घेऊन. त्यांच्याशेजारी आमचे हे. मी मोठी गोल फेरी मारून परत किनाऱ्याकडे आले होते.

किनाऱ्यावर आणखी चार-सहा माणसं जमली होती. ती हसली, आणि त्यांचं काही चुकलं नाही. व्याहीबुवा हसले नाहीत. ते नुसतं "झाला?" म्हणाले आणि मला ते हसण्यापेक्षा झोंबलं. दीपाचा चेहरा पाहवेना. मी गणिताची बाई, रोज फळ्यावर सरळ रेषा काढते, आणि पाण्यात मला ती जमली नव्हती.

दुपारी वाळूत नारळाखाली बसून मी हातवारे करत यांना विचारत होते की असं झालंच कसं. आमच्या यांना पोहता येत नाही, पण सासुरवाडीच्या विहिरीच्या काठावर बसून त्यांनी मला अनेक उन्हाळे पाहिलं आहे.

"तू वळतीस," ते म्हणाले. "कायम डाव्या अंगाला. विहिरीत तुला सरळ जाताना मी कधी बघितलंच न्हाई. जागा कुटं हाय तितं सरळ जायला?"

खरंच की. विहिरीत पोहायचं म्हणजे भिंत उजवीकडे ठेवून गोल फिरायचं. पन्नाशीपर्यंत मी तेवढंच केलं होतं. भिंत नसली तरी अंग वळत होतं.

दीपा मागे येऊन उभी होती. ती म्हणाली, "उद्या मी तुझ्या डावीकडं राहते. वळलीस तर मला धडकशील."

व्याहीबुवा आधी तयार होईनात. सून पाण्यात नको, एवढंच त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, "व्याहीबुवा, तुम्ही होडी घेऊन शेजारी राहा. दोघी बुडायला लागलो तर आधी तिला काढा, मग वेळ मिळाला तर मला." आमच्या यांनी घसा खाकरला. मी पुढे म्हटलं, "आणि ही शेवटची खेप. नाही जमलं तर मी परत तोंड उघडणार नाही." व्याहीबुवांनी मान डोलावली. एकदाच, म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं ऐकलं. वारा जमिनीवरून येत होता, इतका हलका की झावळ्या जेमतेम हलत होत्या. पाणी सपाट होतं. आम्ही मायलेकी उतरलो. वरचं पाणी कोमट आणि पाय खाली सोडले की गार. एकाच समुद्राची ही दोन पाणी मला त्या दिवशी नीट कळली. उजवीकडे होडी, डावीकडे दीपा. काही हात मारले की माझा खांदा तिच्या खांद्याला लागायचा आणि ती नुसतं "आई" म्हणायची. मी सरळ व्हायचे.

आम्ही सरळ जात होतो. मला इतका आनंद झाला की मध्येच हसून एक घोट खारं पाणी प्यायले.

निम्म्याच्या बऱ्याच पुढे गेलो. खडकावरचे पक्षी एकेक दिसायला लागले आणि अचानक पाणी बदललं. वरखाली सगळंच गार. कोणी दार उघडून थंडीत ढकलावं तसं. व्याहीबुवा होडीतून ओरडले, "गार पट्टो लागलो! वायच (जरा) दमान!" पण माझ्या उजव्या पोटरीत गोळा आला होता. पाय दगड झाला. मी घाबरले, हे खरं सांगायला हवं. विहिरीत असं झालं तर हाताशी पायरी असते.

"आई, पाठीवर हो," दीपा म्हणाली आणि तिनं माझ्या मानेखाली हात घातला. मी पाठीवर झाले. वर आकाश, कानात पाणी. होडी जवळ आली, व्याहीबुवांनी हात पुढे केला. तो हात धरला की माझा शब्द गेला आणि लेकीची बोटही गेली, एवढाच विचार मनात आला. मी हात धरला नाही.

मग मानेखाली दीपाचा हात जाणवला. तो जराही थरथरत नव्हता. ती गार पाण्यात उभ्यानं पाय मारत मला तोलून धरत होती, आणि तिचा श्वास किनाऱ्यावर बसल्यासारखा चालला होता. पोहायचं मला होतं, असं ती म्हणाली होती. ते आता मला लागलं.

"तू जा," मी म्हटलं.

"आणि तू?"

"मी होडीत बसते. माझी फेरी झाली. तू जा, सरळ."

मी व्याहीबुवांचा हात धरला. त्यांनी मला आत ओढलं तेव्हा होडी चांगलीच कलली. माझं वजन हा त्या दिवशी कुणीच चेष्टेचा विषय केला नाही, याबद्दल मी आभारी आहे. व्याहीबुवा सुनेला हाक मारायला वळले, पण ती निघून गेली होती. मान वर, मान खाली, हात लांब. ती कुठेच वळत नव्हती. व्याहीबुवांच्या हातातली वल्ही तशीच राहिली आणि होडी आपली आपण वाहत राहिली. मी पोटरी चोळत होते आणि रडत होते, पण तोंड खाऱ्या पाण्यानं आधीच ओलं असल्यामुळे कुणाला कळलं नसावं.

दीपानं खडकाला हात लावला. पक्षी एकदम उडाले. ती वर चढून बसली आणि केस पिळायला लागली.

"अट माझी होती," मी म्हटलं. "मी हरले, व्याहीबुवा."

त्यांनी वल्ही परत पाण्यात घातली. मग म्हणाले, "अट खडकाची होती. हात कोणी लावचो, ता खंय ठरलेला?"

खडकाजवळ गेल्यावर मला वाटलं, ते आता तिला हात देतील, मला दिला तसा. त्यांनी दिला नाही. त्यांनी दोराची गुंडाळी उचलून तिच्याकडे फेकली. "दोर धर गो. होडी ओढून घे."

दीपानं दोर झेलला आणि होडी ओढून घेतली.

आम्ही आणखी दोन दिवस राहिलो. मी रोज सकाळी कमरेएवढ्या पाण्यात बसायचे, आमचे हे गुडघ्याएवढ्या. तेवढ्यानंच ते सगळ्यांना सांगत सुटले की समुद्राचं पाणी लई कोमट असतं. परतताना विहीणबाईंनी कोकमं बांधून दिली आणि दीपा निरोप द्यायला किनाऱ्यावरून धावत आली. बोट निघायची वेळ झाली होती, म्हणून तिला फार थांबता आलं नाही.

सोलापुरात पोचलो तर टाकीतलं पाणी नळातून कढत येत होतं आणि पुढचं पाणी कधी येणार, ते कुणाला माहीत नव्हतं. बादलीत हात घातला की मी आता उगीच अंदाज घेते. सकाळी दीपाचा फोन येतो. पूर्वी ती भाजीचं सांगायची. आता म्हणते, "आई, वरचं पाणी आणखी तापलंय, पण खडकाजवळचा गार पट्टा अजून हाय. लोकांना आधीच सांगून ठेवते मी." तिच्या बोलण्यात मधूनच 'वारो' येतो आणि मी तो दुरुस्त करत नाही.

मे महिन्यात माहेरी गेले. विहिरीचं पाणी खाली गेलं होतं, तरी पोहण्यापुरतं होतं. उतरले आणि या वेळी भिंत धरून फिरलेच नाही. एका काठावरून थेट समोरच्या काठाला गेले, हात टेकला आणि सवयीनं डावीकडे पाहिलं. तिथं दीपा नव्हती. क्षणभर फार एकटं वाटलं. मग आठवलं, सकाळची वेळ आहे, वारा जमिनीवरून असेल, आणि आमची दीपा कामावर गेली असेल.