ताईसाठी आणलेलं पाणी

आमच्या वाशिमला पद्मतीर्थ नावाचं तळं आहे. कोड फुटलेला एक राजा शिकारीच्या नादात तिथं आला, त्या पाण्यानं अंग धुतलं आणि बरा झाला, अशी त्याची कथा सांगतात. पुढे बाबांनी समुद्रकाठच्या गरम कुंडाची कथा सांगितली तीही हीच, फक्त राजा वेगळा. मला तेव्हापासून या राजांचा राग आहे. पाणी कुठलंही असो, बरे नेमके तेच होतात.

आमची ताई राजघराण्यातली नव्हती. रिसोडजवळ आमचा भाजीचा मळा होता, मोटेच्या पाण्यावर वांगी आणि मिरची. लग्नानंतरच्या पहिल्या आखाडात रीतीप्रमाणे ती माहेरपणाला आली आणि तिला न्यायला कोणी आलंच नाही. तिच्या पाठीवर पांढरा डाग उठला होता. सासऱ्यांनी निरोप धाडला, डाग गेला की पाठवा. ही गोष्ट त्या घरानं आणि आम्ही पोटात ठेवली. पोळा गेला, दसरा गेला. शेजारणी विचारायच्या, "पोरगी अजून अठीच काहून?" माय म्हणायची, "जावई येऊन राह्यले ना न्याले."

देवदर्शनाच्या नावाखाली ताईला पद्मतीर्थात बुडवून आणलं. डाग तसाच. मग वाशिमच्या बाजारात एका कापसाच्या अडत्यानं बाबांना त्या कुंडाचं सांगितलं. खाडीच्या कडेला जमिनीतून उकळतं पाणी निघतं, गंधकाचा वास मारतं, कातडीच्या रोगाचे लोक तिथं धर्मशाळेत महिना महिना राहतात आणि रोज डुंबतात. पायऱ्या जुन्या सुलतानांच्या वेळच्या, बायकांचं कुंड वेगळं. ताईनं हे दाराआडून ऐकलं. त्या दिवशी ती किती महिन्यांनी जेवताना बोलली.

पण बाबा एकटेच निघाले. तिला नेलं असतं तर गावानं विचारलं असतं, लेकीला घेऊन एवढ्या दूर कायले? एकट्यानं जाऊन पाणी आणायचं, घरीच डागाला लावायचं, कोणाला कळायचं कारण नाही. मायनं गावात सांगितलं, तीर्थाला गेले. किती सोयीचा शब्द! आगीनगाडीनं मुंबई आणि पुढं आगबोट, आमच्या मळ्याच्या धुऱ्यापलीकडं फारसं न गेलेला माणूस गेला.

तो महिन्याभरानं परतला तेव्हा वेशीवर डफडं वाजत होतं. तीर्थाहून आलेल्या माणसाला वाजतगाजत घरी आणायचं आणि मग मावंदं करायचं, म्हणजे आणलेल्या पाण्याची पूजा, गावजेवण आणि सगळ्यांना तीर्थ, ही आमच्याकडची रीत. बाबांच्या काखेत कथलाचा डाख देऊन तोंड बंद केलेला तांब्याचा गडू होता. लोक त्या गडूच्या पाया पडले. मायचं तोंड उतरलं. हे औषध आहे, पोरीच्या पाठीचं आहे, असं कुणाजवळ बोलणार? मावंद्याच्या आधी डाख काढायचा नसतो, म्हणून ताईला थेंबही मिळाला नाही.

मावंद्याला बाबांनी ताईच्या सासऱ्यांनाही बोलावलं. त्यांना वाटलं, व्याही पाणी डोळ्यांनी बघतील, थोडा धीर धरतील. जेवणं झाली. गडूचा डाख फोडला. गंधकाचा कुबट वास आला, तर लोकांनी त्यालाही हात जोडले. एक म्हातारी म्हणाली, "सवाशीण लेक घरी हाय, तिच्याच हातानं होऊ द्या." झालं. ताई पदर सावरून पळी घेऊन बसली आणि ओंजळीमागून ओंजळ भरत गेली. लोक पीत होते, उरलेलं डोक्याला पुसत होते, कोणी आजारी म्हशीसाठी वाटीत नेत होते. मी तिच्या शेजारी होते. मला ओरडावंसं वाटत होतं, पुरे करा, ते तिचं आहे. मायनं माझ्या दंडाला करकचून चिमटा घेतला.

शेवटी सासरे उठले. ताईनं मान खाली घालून पळी पुढं केली. त्यांनी तीर्थ घेतलं, डोळ्यांना लावलं आणि बाबांना म्हणाले, "घरी हिच्या सासूचे गुडघे धरले हायेत. उरलं तेवढं द्या आमाले." सगळ्या गावासमोर व्याह्यांना नाही कसं म्हणायचं? ताईनंच गडू उपडा करून त्यांच्या तांब्यात ओतला. सासरे निघाले तसे बाबा त्यांच्यामागं वेशीपर्यंत गेले. "पोरीचं कसं करता?" असं विचारलं. ते म्हणाले, "राहू द्या अजून," आणि बैलगाडीत बसले.

त्या संध्याकाळी बाबा मोरीवर पाय धूत होते, ताई पाणी ओतत होती. मोटेमागं चालून बाबांच्या टाचांना कायमच्या भेगा असायच्या. त्या भरून आल्या होत्या. कातडी लहान मुलासारखी मऊ झाली होती. ताई ओतायची थांबली.

"तुमी त्या कुंडात उतरले होते?"

"आता एवढ्या दूर गेलो तं रोजच उतरलो, पोरी."

"मंग मले काहून नाही नेलं?"

"लोक काय म्हणले असते?"

"लोकायनं तं पाणी पिऊन घेतलं, बाबा," ती म्हणाली.

बाबांनी ओले पाय तसेच आत घेतले आणि भिंतीकडं तोंड करून निजले. पुढच्या उन्हाळ्यात जावयाचं दुसरं लग्न झालं. ताई आमच्याच मळ्यात वांगी तोडत राहिली, आणि तिला समुद्राकडं न्यायचं पुन्हा कोणी बोललं नाही.