जनाआजींच्या पाड्यावरचं पाणी

सुरगाण्याकडच्या जनाआजींनी त्या दुपारी मला हाक मारली, म्हणून हे पाहायला मिळालं.

माझी शाळा आठवीत सुटली. उदगीरकडून इतक्या लांब ओझरला भाजीच्या पॅकिंगला आलो, तरी नव्या जागी छाती धडधडतेच. सुट्टी होती म्हणून डोंगर बघायला निघालो, तर घाबरून भलत्याच फाट्यावर उतरलो. वैशाखाचं ऊन, फोनला रेंज नाही.

"ए पोरा, जीप आता सांजंला! ये इकडं," घमेलं घेतलेली एक म्हातारी ओरडली. त्याच जनाआजी.

त्यांच्या पाड्यावर (वस्तीवर) नागलीची (नाचणीची) भाकरी, उडदाचं भुजं (घट्ट आमटी) आणि अर्धाच पेला पाणी मिळालं. "पाणी डोंगर उतरून आणतो, भाऊ," त्यांची सून म्हणाली.

मागच्या उतारावर सगळं घर खणत होतं. आजींच्या सासऱ्यांच्या तरुणपणी डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात भगताच्या (पुजाऱ्याच्या) अंगात वारं आलं आणि देव बोलला, इथं पाणी देईन. तेव्हापासून घरात आलेली नवरी पहिला तांब्या त्या कोरड्या जागी ओतते. सासूनं ओतला, आजींनी, मग सुनेनं. खणणं दर उन्हाळ्यात चालूच.

"आणि नाहीच लागलं तर?" माझ्या तोंडून गेलंच.

"तर नातसून ओतील. देवाला काय आपल्यावाणी घाई हाय?" आजी म्हणाल्या.

मीही घमेली ओढू लागलो. "जपून, भाऊ! हातावर द्राक्षाएवढे फोड येतील," सून म्हणाली. सगळे हसले.

ऊन कलताना खड्ड्यातून आजींच्या मुलाचा आवाज आला, "आये, माती ओली हाय!"

पहारीच्या भोकात पाणी जमलं, गढूळ, मग त्याच्या घोट्यापर्यंत.

सगळ्यांचे ओठ सुकलेले, पण कुणी प्यायलं नाही. निवळलेल्या पाण्याचा पहिला तांब्या आजींनी कडेच्या वीरांवर (पूर्वजांच्या दगडांवर) ओतला. सासरा, सासू, नवरा.

"घ्या. आलं बघा," एवढंच म्हणाल्या. डोळे पुसून दुसरा तांब्या त्यांनी माझ्यापुढं धरला. "पाहुणा तू. आधी पी."

परतीच्या जीपमध्ये तेच डोळ्यांपुढं होतं. पुढचा महिना कसा जाईल या काळजीनं मला झोप लागत नाही. आणि ती तीन माणसं थेंबही न पाहता गेली, तरी त्यांनी देवाचा शब्द पुढच्यांच्या हाती दिला.

दिवाळीनंतर ते विहीर बांधणार आहेत. बापाच्या हाताखाली मी दगड रचायला शिकलोय. जनाआजी, मी येईन. तुमच्या विहिरीचा एक थर तरी माझ्या हातचा असेल.