ज्याचं सोंग, त्याच्या हाती दोर

बापूकाका बोलणाऱ्याच्या तोंडाकडे कधी बघत नसत. ते बघत मान, कोपर, गुडघा. "तोंड झूठ बोलतं गं मेमसाब," ते मला म्हणत, "सांधा नाही बोलत." मी कॉन्व्हेंटमध्ये शिकत होते, म्हणून त्यांची मेमसाब.

ते कापड गिरणीत फिटर होते आणि उज्जैनला फ्रीगंजमध्ये आमच्या शेजारी राहत. गणपतीत चौकात त्यांचा बाहुला उभा राही. दुमजली घराएवढा, बांबूचा सांगाडा, वर भैरवगढचं छापील कापड. पोटात गिरणीतून मोडीत निघालेली दातेरी चाकं, साखळ्या, कप्प्या. दर वर्षी तो मोहल्ल्यातल्या कुणाची तरी नक्कल करी. कुणाची, ते बाहुल्यावरचा पडदा सरेपर्यंत कळत नसे. आणि रिवाज असा, की ज्याचं सोंग त्यानेच पुढे येऊन दोर ओढायचा. जो येत नसे त्याला लोक वर्षभर छळत. एका वर्षी लंगडा पोस्टमन होता. त्याने दोर ओढला, बाहुला लंगडला, चौक हसला, पोस्टमनही हसला. पुढे तो चौक टाळून, वळसा घालून पत्रं टाकायला येई.

मी फारशी बोलत नसे. पण बापूकाका अंगणात चाकांना तेल घालताना विचारत, "आज काय पाहिलंस?" एवढं मला दुसरं कुणीच विचारत नव्हतं. मी सगळं सांगे.

मध्य भारत राज्य विलीन होऊन राजधानी भोपाळला जायची ठरली, तेव्हा बाबांची कचेरीही हलणार होती. आई अंथरुणाला खिळलेली. बाबांना उज्जैनलाच राहायला हवं होतं आणि त्यासाठी साहेबाला विनवायचं होतं. एका दुपारी आई आत झोपलेली असताना ते आरशासमोर सराव करताना मला दिसले. हात जोडायचे, वाकायचे, तसंच वाकून वर बघत हसायचं. पुन्हा हात जोडायचे.

ते मी बापूकाकांना सांगितलं. मला वाटलं, मी दुःख सांगते आहे. त्यांनी विचारलं, "कोपरं बाहेर की अंगाला चिकटलेली?"

"चिकटलेली," मी म्हटलं.

पडदा सरला तेव्हा बाहुल्याच्या डोक्यावर बाबांची काळी टोपी होती. बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं. त्या दुपारी घरात जागे आम्ही दोघंच होतो. मग त्यांनी पुढे जाऊन दोर ओढला. बाहुल्याने हात जोडले, तो वाकला, हसला. "बाबूजी, और झुको!" कुणीतरी ओरडलं. बाबा ओढत राहिले.

साहेबाकडे ते गेलेच नाहीत. एकटे भोपाळला गेले. त्यांची पत्रं आईच्या नावे येत.

"का केलंत?" मी बापूकाकांना विचारलं.

"मी काय केलं?" ते माझ्या हाताच्या मुठीकडे बघत म्हणाले. "तू पाहिलंस, मी बनवलं. बाहुला कुणाचा सगा नसतो, मेमसाब."

दोन वर्षांनी त्यांना अर्धांगवायू झाला. उजवं अंग गेलं, वाचा अडखळू लागली. बाहुला त्या वर्षी गिरणीतल्या त्यांच्या चेल्यांनी बांधायला घेतला. चेले माझ्याकडे आले. "ताई, तुम्ही रोज पेज घेऊन जाता ना त्यांच्याकडे? जरा नीट बघून सांगा."

मी नीट पाहिलं. बापूकाका डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर ठेवत. तो घसरे. ते पुन्हा उचलत. उचलताना जीभ दातांत धरत. सगळं सांगितलं. जिभेचंही.

आरतीनंतर त्यांना खुर्चीत बसवून चौकात आणलं. पडदा सरला आणि कुणी हसेना. एकाने दोर त्यांच्या डाव्या हातात दिला. त्यांनी ओढला. बाहुल्याचा भला थोरला हात वर गेला, मांडीवर आला, घसरला. मागून एकजण फिसकन हसला, मग सगळा चौक.

बापूकाकांनी मला खुणेने जवळ बोलावलं. मी वाकले.

"खांदा," ते कसेबसे म्हणाले, "अजून... खाली हवा."

मग त्यांनी मान वळवली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी हसत होते.