चार दात आणि अर्धा शेंगदाणा

माझ्या भाच्याला दहाव्या महिन्यापर्यंत चार दात आले. दोन खाली, दोन वर. या चार दातांवर आमच्या गल्लीत जेवढी चर्चा झाली तेवढी पंचायतीच्या निवडणुकीवरही झाली नव्हती.

चर्चेचं कारण होती माझी भावजय. ती साताऱ्याची, शिकलेली. माझा धाकटा भाऊ फौजेत, वर्षातून दोनदा घरी येतो, त्यामुळं पोराची आई तीच आणि बापही तीच. कवठे महांकाळात तिचं घर, म्हणजे माझं माहेर, माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर. मी ब्लाउज शिवते. मशिनवर पाय चालतो आणि तोंड त्याच्या दुप्पट चालतं. बायका माप द्यायला म्हणून येतात आणि तासभर बसतात. त्या हिवाळ्यात माझा सगळ्यात गाजलेला खेळ होता भावजयीच्या ताटलीचा.

ती पोराला भरवायची नाही. त्याच्यापुढं ताटली ठेवायची आणि ते आपल्या हातानं खायचं. लाल भोपळ्याच्या बोटाएवढ्या लांब फोडी, वाफवलेल्या. गाजर तसंच. रताळं. पिकलेलं केळं, खालचं साल तसंच ठेवून, म्हणजे मुठीतून निसटू नये. इडलीच्या मधला मऊ भाग. आणि ताटलीत ठेवण्याआधी प्रत्येक तुकडा ती अंगठा आणि बोटात धरून दाबायची. चेंगरला तर पोराला, नाही चेंगरला तर परत कुकरात.

"पुढच्या दातांनी नुसता तुकडा तुटतो, वन्सं," ती मला समजावायची. "चावायला दाढा लागतात, त्या अजून यायच्यात. तोवर हिरड्यांनी दाबून जे मोडेल तेवढंच द्यायचं."

मला हे फार आवडायचं. म्हणजे नक्कल करायला. गळ्यात टेप, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि दोन बोटांत ब्लाउजचं बटण धरून मी दात-ओठ खाऊन दाबायची. "नापास! चल, कुकरात!" बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसायच्या.

"आमची पोरं भाकरीचा कडक तुकडा चगळून वाढली की," समोरच्या काकू डोळे पुसत म्हणायच्या. "हिचं लेकरू बघावं तवा भोपळाच खातंय. जल्मताच म्हातारं केलंय त्येला."

खरं सांगायचं तर ते जेवण बघण्यासारखं असायचं. पोरगं रताळं मुठीत धरायचं आणि मूठ इतकी आवळायचं की रताळं बोटांच्या फटींतून वर यायचं. मग मूठ उघडून बघायचं, तर आत काहीच नाही! चेहऱ्यावर असं आश्चर्य, जणू कुणी पुढ्यातून घर चोरून नेलंय. मग ते मनगट चाटायचं. निम्मं पोटात, निम्मं कानात. भावजय समोर मांडी घालून बसायची, हात मागं घेतलेले, फोन लांब ठेवलेला, आणि नजर पोराच्या गळ्यावर. ते जेवत असेतो ती कुणाशी बोलायची नाही. मी त्याचीही नक्कल करायची.

संक्रांत होऊन आठवडा झाला असेल. रविवारची दुपार. भावजय गच्चीवर गोधड्या वाळत घालायला निघाली. "वन्सं, जरा बघता का याला?" मी चटईवर भाजलेल्या शेंगा फोडत बसले होते. आमच्या कोरडवाहू भागात शेंगदाण्याला कुणी खाऊ समजत नाही, तो भाजीत असतो, चटणीत असतो, पोरांच्या खिशात असतो, तो असतोच. पोरगं शेजारी बसून टरफलं उडवत होतं. तेवढ्यात भावाचा व्हिडिओ कॉल आला. तो कुठल्या तरी डोंगरात, रेंज मिळेल तेव्हा आणि मिळेल तेवढा वेळ बोलणार.

"आक्का, चार दात आलं म्हणं? दाव की!"

दाव म्हटल्यावर मी थांबते होय? फोन भिंतीला टेकवून उभा केला, पोराला समोर बसवलं आणि कुस्तीच्या फडातल्या निवेदकाचा आवाज काढला. "तर मंडळी! लाल मातीत उतरतोय, चार दातांचा पैलवान!" भाऊ खदखदून हसला. त्याच्या मागं आणखी दोघे-तिघे जवान येऊन वाकून बघायला लागले. मला चेव चढला.

"काय खातंय काय त्ये?" भावानं विचारलं.

"काय खात न्हाई ते इचार!"

आत ताटलीत वाफवलेला भोपळा झाकून ठेवलेला होता. पण फौजेतल्या माणसांना भोपळा दाखवायचा? मला ते फार मिळमिळीत वाटलं. मी एक दाणा उचलला, साल काढलं, त्याच्या दोन पाकळ्या केल्या आणि एक पोराच्या जिभेवर ठेवली.

"आणि पैलवानानं घेतली पकड! सोडतोय का? न्हाई सोडत गड्या, न्हाई सोडत!"

पोरगं माझ्या आवाजाला हसलं. तोंड उघडं टाकून, पोट हलेपर्यंत हसलं. आणि हसता हसता त्यानं श्वास आत ओढला.

एकदा खोकला आला. नंतर तोही आला नाही. तोंड उघडं होतं आणि आवाज नव्हता. ओठांचा रंग बदलायला लागला. मी त्याला हातावर पालथं घेतलं आणि पाठीत थापा मारल्या, किती मारल्या ते मला आजही सांगता येणार नाही. मग खोकला सुटला, मग रडणं सुटलं. फोनवर भाऊ हसता हसता थिजला होता. रेंज गेली होती. पुढचं त्यानं काहीच पाहिलं नव्हतं.

भावजय जिन्यावरून पळत आली. "काय झालं?"

"काय न्हाई गं. बाप दिसला अन् गेला, म्हणून रडतंय."

हे वाक्य मी इतकं झकास टाकलं की क्षणभर मलाही पटलं. ती पोराला घेऊन आत गेल्यावर मी चटई झटकली. टरफलं निघाली, साली निघाल्या, आख्खे दाणे निघाले. ती पाकळी निघाली नाही. गिळली असेल, मी मनाशी म्हणाले. उद्या शी होईल तेव्हा दिसेल.

दिसली नाही. मंगळवारी पोराला खोकला लागला. श्वास सोडताना छातीत बारीक शिट्टी वाजायची. गावातल्या डॉक्टरांनी सर्दीचं औषध दिलं. गुरुवारी ताप आला. बघायला आलेल्या काकू दारातूनच सुरू झाल्या. "थंडीच्या दिसांत केळं देतं का कुणी? अन् त्यो भोपळा! मोबाइलात बघून पोरं वाढवायची म्हंजे असंच व्हायचं." भावजयीनं एरवी काहीतरी उत्तर दिलं असतं. त्या दिवशी तिनं पोराची कानटोपी आणखी खाली ओढली.

शुक्रवारी मी गेले तर ताटली घासून फळीवर उपडी घातलेली. भावजय पोराला चमच्यानं भाताची पेज पाजत होती. पोराची बोटं सारखी उघडत होती आणि मिटत होती. त्याला धरायला काहीतरी हवं होतं.

"माझंच चुकलं, वन्सं," ती म्हणाली. "मला वाटलं, मला सगळं कळतं."

सांगायचं होतं ते तेव्हाच. शब्द ओठांपर्यंत आले होते. पण मग तिला हेही कळलं असतं की तिच्यावर मी गल्लीभर हसले आणि जे ती टाळत होती ते मी चार माणसांच्या हशासाठी केलं. पोर पुन्हा माझ्या हातात दिलं नसतं तिनं. मी म्हणाले, "व्हईल गं बरं," आणि उठून आले. जी कुणाचं लग्न कसं मोडलं हे तीन आवाजांत सांगते, तिला ही एक गोष्ट सांगता येत नव्हती.

शनिवारी सकाळी पोराच्या फासळ्या श्वासागणिक आत ओढल्या जायला लागल्या. गाडी करून आम्ही मिरजेला गेलो. मुलांच्या डॉक्टर वयानं मोठ्या होत्या, घाई नसलेल्या. त्यांनी छाती तपासली, पाठ तपासली, परत छातीवर आल्या. "उजवीकडं हवा कमी जातेय," त्या म्हणाल्या. फोटो काढला. तो उजेडात धरून बघितला आणि विचारलं, "याला खाताना कधी जोराचा ठसका लागला होता? काही अडकलं होतं?"

"नाही डॉक्टर," भावजय लगेच म्हणाली. त्या आठवड्यात पहिल्यांदाच तिची मान ताठ झाली. "मी प्रत्येक तुकडा दाबून बघून देते. कडक असं काहीच मी याच्या हातात दिलेलं नाही."

डॉक्टरांनी मान हलवली आणि पेन उचललं. ती खोटं बोलत नव्हती. तिच्या खरेपणावर विश्वास ठेवून त्या आता लिहिणार होत्या की काही अडकलेलं नाही. पेन कागदाला टेकलं.

"शेंगदाणा," मी म्हणाले. "अर्धा. रविवारी. मी दिला."

पेन थांबलं. "काळानिळा पडला होता?"

"व्हय."

"किती वेळ?"

"ठाऊक न्हाई. थोडा."

"दाणा नंतर सापडला?"

"न्हाई."

एवढंच. हातवारे नाहीत, आवाज नाहीत. डॉक्टर म्हणाल्या, "शेंगदाणा फोटोत दिसत नाही, बाई. तुम्ही बोलला नसता तर मी आणखी चार दिवस कफाचं औषध देत बसले असते." आणि त्यांनी श्वासनळीत दुर्बीण घालणाऱ्या डॉक्टरांना फोन लावला. भावजयीनं माझ्याकडं पाहिलं नाही. ती पोराच्या कानटोपीची गाठ सोडत होती आणि बांधत होती.

पोराला आत नेलं. आम्ही दोघी बाहेर एकाच बाकावर बसलो, मध्ये पिशवी. बऱ्याच वेळानं दुर्बिणीचे डॉक्टर बाहेर आले. दाणा उजव्या श्वासनळीत होता. पाच-सहा दिवसांत भिजून एवढा मऊ झाला होता की चिमट्यात धरताच त्याचे दोन तुकडे झाले. दोन्ही निघाले. पोरगं आता नीट श्वास घेत होतं.

संध्याकाळी भावाचा फोन आला. भावजयीनं तो न उचलता माझ्यापुढं धरला. "तुम्हीच सांगा."

मी सांगितलं. मग भाऊ म्हणाला, "आक्का, दाव म्हणून मीच म्हणलं हुतं."

"तू दात दाव म्हणालास. दाणा मी घातला."

घरी आल्यावर दारातच भावजय म्हणाली, "याला खेळवायला येत जा, वन्सं. हा तुमची वाट बघतो. पण खाताना नको." मी बरं म्हणाले.

दोन दिवसांनी मशिनपुढं पाच-सहा बायका जमल्या. काकूंना धीर कुठला! "म्या म्हणलं न्हवतं? केळ्यानंच झालं."

मी पाय थांबवला. केळ्यानं नाही, भोपळ्यानंही नाही, माझ्या हातच्या शेंगदाण्यानं झालं, हे सांगितलं. तिनं दिलेल्या कशानंही त्याला कधी ठसका लागला नव्हता, हेही सांगितलं. मी आता उठेन, डॉक्टरांचा आवाज काढेन, असं बायकांना वाटलं असावं. एकीच्या तोंडावर तर हसू तयारच होतं, ते तिनं हळूहळू मिटवलं.

काकूंनी मांडीवरचं कापड उलगडलं, परत त्याची घडी घातली. मग खालच्या आवाजात विचारलं, "आता काय खातंय गं लेकरू? पेजच का?"

मला ठाऊक नव्हतं. त्याच्या जेवणाच्या वेळेला मी तिकडं जात नाही.

"इचारून सांगते," मी म्हणाले.

अजून विचारलेलं नाही.